एका घटनेची तीन नावे

जुन्या जालन्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना सप्टेंबर १९४८ हा काळ पुस्तकाआधी बोलण्यातून कळला. वडीलधारी मंडळी कुणाचे वय किंवा घराचा जुना व्यवहार सांगताना ‘ॲक्शनच्या आधी’, ‘ॲक्शननंतर’ असा हिशेब करीत. शाळेत त्याच घटनेला ‘मुक्तिसंग्राम’ म्हणत. पुढे उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्यांकडून मी तिसरे नाव ऐकले : ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन. भाषेच्या अभ्यासकाला यांपैकी एकही नाव खोटे म्हणता येणार नाही. मात्र शासन त्यांतले एकच नाव पाठ्यपुस्तकात ठेवते आणि उरलेल्यांचे कागद दप्तरात बंद करते, तेव्हा स्मृतीचा प्रश्न सत्तेचा प्रश्न होतो.

‘मुक्ती’ हा शब्द पोकळ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. निजामी राजवटीत सभा घेण्यास पूर्वपरवानगी बंधनकारक करणारी ‘गश्ती निशाण ५३’ होती. अशा वातावरणात १९३७ साली आपल्याच परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. रझाकारांवर टीका करणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १५ तारखेस गोरखा पलटणीची तुकडी जालन्यात आली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. अनंत भालेरावांच्या १९८७ सालच्या ग्रंथामुळे या लढ्याची कथा मराठीत सविस्तर नोंदली गेली आहे.

त्यानंतरच्या आठवड्यांची कथा मात्र तशी नोंदली गेली नाही. मुसलमानांवरील अत्याचारांच्या वार्ता दिल्लीस पोचल्यावर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना मिस्री यांना हैदराबादेस पाठविण्यात आले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत ते हिंडले. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड येथे सर्वाधिक हानी झाली. औरंगाबाद जिल्हा, ज्यात तेव्हा जालना होते, दुसऱ्या गटात होता. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही व शासनाने तो प्रसिद्धही केला नाही. त्याचे काही अंश अभ्यासकांनी पुढे बाहेर आणले आणि २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापून आला.

या झाकपाकीने केवळ अपराध लपला, असे समजणे अपुरे आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना बाहेरून आलेल्यांपासून वाचविले आणि त्यासाठी काहींनी प्राणही दिले, अशी नोंद याच अहवालात आहे. ते विणकरही दप्तरात बंद झाले. ज्या माणुसकीचा मराठवाड्याने अभिमान बाळगावा, तिचेच विस्मरण झाले.

कागद बंद राहिले की स्वतंत्र इतिहासकार एकटा पडतो. त्याचे विधान लोक पुराव्याशी ताडून पाहू शकत नाहीत. त्याच्या हेतूचीच तेवढी चिकित्सा होते. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि शासनाने त्याच महिन्यात पुस्तकावर बंदी घातली. ही बंदी रद्द झाल्यावर सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली तो निर्णय कायम ठेवला. पण हल्ल्यात नासलेली हस्तलिखिते न्यायालय कोठून परत देणार? ‘शिवाजी कोण होता?’ हा प्रश्न मराठी वाचकासमोर ठेवणारे गोविंद पानसरे २०१५ साली गोळ्यांना बळी पडले.

१७ सप्टेंबरचे नावही अद्याप स्थिर नाही. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. तेलंगण शासनाने २०२२ साली त्यास राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले आणि २०२४ साली सत्ताबदलानंतर प्रजापालन दिन. सत्तेसोबत दिवसाचे नाव बदलत असेल, तर त्या दिवसाची साक्ष शासनावर सोपविता येणार नाही. ती पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. आपल्या विभागांनी त्यांच्या कथनांची नोंद करावी आणि सांगणारा जो शब्द वापरेल, ‘मुक्ती’, ‘ॲक्शन’ वा ‘सुकूत’, तोच न बदलता लिहून घ्यावा.