मोटारींतील गाणें

मोटारींतील गाणें हा विषय या मासिकाच्या वाचकांस कांहींसा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु 1930 सालीं अमेरिकेंत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनें ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हांपासून माणसाच्या श्रवणाचा बराच मोठा भाग चार चाकांवर चालूं लागला आहे. आणि बारामतीहून इंदापुरास महिन्यांतून चार वेळां जाणाऱ्या आमच्यासारख्यांना तर संगीतासाठीं दुसरा दिवाणखानाच नाहीं.

आमच्या शेजारच्या आसनावर आमच्या मातोश्री असतात. वय वर्षें 81. वार्धक्यांत उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनि प्रथम लोपतात, आणि ‘स’, ‘श’, ‘त’ या व्यंजनांचा ओळखूं येणारा भाग नेमका तेथेंच वसतो. त्यामुळें पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगवाणीचा सूर त्यांच्या कानीं पोचे, शब्द पोचत नसत. आवाज वाढविला कीं त्या म्हणत, “मोठं नको रे, नीट लाव.”

बाजारांत मात्र ‘नीट’ विकत मिळत नाहीं, ‘मोठें’ मिळतें. एका दुकानदारानें आम्हांस 25,000 रुपयांचा बेत सांगितला: डिकींत दणका देणारी पेटी, तिला वेगळा ॲम्प्लिफायर, मागें दोन लंबगोल स्पीकर. गळिताच्या हंगामांत भवानीनगरच्या कारखान्याकडे ऊंस नेणारे ट्रॅक्टर ज्या नादांत रस्ता हालवितात, त्यावरूनच त्यानें गिऱ्हाइकाची आवड ठरविली असावी. (ट्रॅक्टरवाल्यास रात्रभर जागें राहावयाचें असतें, हेंहि खरें.) पण विजेची शक्ति दुप्पट केल्यानें ध्वनि केवळ 3 डेसिबलांनीं वाढतो, आणि खर्जाचा गदारोळ वाढला कीं वरचीं व्यंजनें त्याखालीं आणखीच दडपतात.

आम्हीं दरवाजापासून आरंभ केला. स्पीकरचा पडदा पुढें हवा ढकलतो तेव्हां मागें ती ओढतो; म्हणजे पुढची व मागची लाट परस्परविरुद्ध असतात. दाराच्या आंतील पत्र्यास मोठालीं भोकें असल्यामुळें मागची लाट त्यांतून निसटून पुढचीस भेटते व खर्ज तेथेंच मरतो. मग गिऱ्हाईक खर्ज वाढवीत बसतें, पत्रा थरथरूं लागतो, आणि त्या थरथरीलाच लोक ‘बास’ म्हणतात! आम्हीं आंतलें आवरण काढवून बाहेरच्या पत्र्यास डांबरी चिकटपट्टीचे तुकडे लावविले, आंतील भोकें बुजवविलीं, आणि स्पीकरभोंवतीं स्पंजाचें कडें बसवविलें. तळाशीं पाणी वाहून जाण्याचीं छिद्रें मात्र उघडींच ठेविलीं. तीं बुजविणारा मनुष्य पुढच्या पावसाळ्यांत दार गंजवून घेतो. एक दुपार व 1,400 रुपये लागले. तेवढ्यांत जुन्याच स्पीकरांतून डग्गा प्रथमच डग्ग्यासारखा वाजला.

नंतर पुढची जोडी 2,200 रुपयांत बदलली, आणि मागच्या स्पीकरांचा आवाज जवळजवळ मिटविला. गवई श्रोत्यांच्या पुढें बसतो, पाठीमागें नाहीं. एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध ओढतात व खर्ज नाहींसा होतो. ही तपासणी फुकट आहे, ती करवून घ्यावी. इक्वलायझरमध्यें आम्हीं कांहींच वाढविलें नाहीं, खर्ज तेवढा दोन पायऱ्या उतरविला. मोबाइलवरून मोबाइलवर फिरून चोथा झालेलीं ध्वनिमुद्रणेंहि टाकून दिलीं. पुढच्याच फेरींत मातोश्रींनीं एका चरणाचा अर्थ आम्हांस विचारला. गेलीं दोन वर्षें त्यांनीं असें कांहीं विचारलें नव्हतें.

पारख कशी करावी, याविषयीं आमचें एक मत आहे. दणका ऐकूं नये, तंबोरा ऐकावा. ख्यालाच्या मुद्रणांत गायक क्षणभर थांबला असतां मागचा तंबोरा अखंड लागतो कीं गळून जातो, तें पाहावें. बारामतींत उभ्या गाडींत तो छान लागतो. सणसरच्या पुढें वेग 80 वर गेला कीं टायरांच्या घरघरींत बुडतो. येथें कोणताहि स्पीकर कामास येत नाहीं. आम्ही काचा पूर्ण चढवितों आणि 60 वर येतों; मागची गाडी हॉर्न वाजविते, तिला वाट देतों. दारांचे झिजलेले रबर मात्र या महिन्यांत बदलावयाचे आहेत. वाऱ्याची शीळ तेथूनच आंत येते, आणि ती थेट ‘स’च्या जागेवर जाऊन बसते.