ओल्या मातीची टक्कर

पीयूसीच्या पहिल्या वर्षी फिजिक्सच्या सरांनी वर्गात कॅरमचे दोन स्ट्रायकर आणले होते. एक टेबलावर ठेवला आणि दुसरा नेमका समोरून त्याच्यावर मारला. मारलेला जवळजवळ जागीच थांबला, ठेवलेला सुसाट निघाला. "ही साधारण स्थितिस्थापक टक्कर," सर म्हणाले. मग त्यांनी दोऱ्यांना टांगलेले ओल्या मातीचे दोन गोळे दाखवले. एक मागे ओढून सोडला. दोन्ही चिकटले आणि एकत्रच थोडेसे वर झुलले. ही अस्थितिस्थापक.

गणित सोपं होतं. प्रत्येकी १ किलोचे दोन गोळे, एक स्थिर, दुसऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर. चिकटल्यावर दोघांचा वेग २. संवेग आधी ४, नंतरही ४. पण गतिज ऊर्जा ८ ज्यूलवरून ४ वर येते. माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड मित्रानं विचारलं, "सर, उरलेली अर्धी गेली कुठं?" सर म्हणाले, "नाहीशी नाही झाली. थोडा आवाज झाला, थोडी उष्णता. बाकीची गोळ्यांचा आकार बदलण्यात खर्च झाली."

मी पुढे साहित्याकडे वळलो आणि हे विसरलो.

गेल्या वर्षी पुण्यात एका स्पर्धेत बोलताना मी सहज म्हणालो, "हा निबंध मी एका रात्रीत लिहिलो." सभागृहात हशा पिकला. परीक्षकांनी हसून दुरुस्त केलं, "लिहिला." आमच्या बेळगावात 'मी काम केलो', 'मी पुस्तक वाचलो' असंच म्हणतात. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यामागून चालतं, तीच सवय आमच्या मराठीला लागली आहे. पण तेव्हा हे सांगायचं सुचलं नाही. कान तापले फक्त.

परतीच्या बसमध्ये ठरवलं, आता शुद्धच बोलायचं. स्वतःपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. मी निपाणीच्या आज्जीलाही सुधारायला लागलो. ती फोनवर "काय करायलास रे?" म्हणाली की मी म्हणायचो, "आज्जी, काय करतोयस, असं म्हण." दोन-तीन महिन्यांत तिचं बोलणं आटत गेलं. एकदा म्हणाली, "तूच बोल बाबा. माझं चुकतंय." रविवारी मिस्साहून आलो की अर्धा तास चालणारा फोन पाच मिनिटांवर आला.

हे त्या कन्नड मित्राला सांगितलं, तर तो हसला. म्हैसूरकडचे नातेवाईक त्याच्या बेळगावी कन्नडला असंच हसतात म्हणे. म्हणजे चेपलेले गोळे दोन्ही होते!

१९५६ च्या १ नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला इकडे एक शहर राज्योत्सव करतं आणि दुसरं काळा दिन पाळतं. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दिवशी आम्ही स्ट्रायकरसारखे आपटतो आणि जसेच्या तसे परत फिरतो. उरलेले दिवस मात्र ओल्या मातीचे. अण्णा, अक्का हे शब्द कन्नडमधून आलेत हे मराठीला तरी कुठं आठवतं? आणि १६१६ साली गोव्यात छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण? इंग्लंडहून आलेला धर्मगुरू, मराठी ओवी आणि त्यात मिसळलेली कोकणी. ते काय चिकटल्याशिवाय झालं?

चिकटताना काहीच जात नाही, असं मी म्हणणार नाही. तापलेले कान मला आठवतात. सीमाभागातल्या अनेकांनी याहून बरंच जास्त सोसलंय. पण सरांचं उत्तर खरं होतं. ऊर्जा वाया जात नाही, आकार बदलण्यात जाते. आज्जीची मराठी बिघडलेली नाही, घडलेली आहे. परीक्षेच्या पेपरात मी 'लिहिला' लिहीन, ती भाषाही माझीच आहे. पण पेपर आज्जीच्या घरी कशाला न्यायचा?

गेल्या रविवारी फोन लावला आणि म्हणालो, "काय करायलीस आज्जी? मी तुझ्यावर एक निबंध लिहिलो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती हसली, आणि पाऊण तास थांबलीच नाही.