काश्यपीच्या काठी एक रात्र
नाशिकहून गिरणारे ओलांडून धोंडेगावाकडे निघाले, की काश्यपी धरणाचा जलाशय लागतो. हिवाळ्यातील शनिवारी तेथे तंबू उभे राहतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या कुटुंबांना येथील संध्याकाळ विशेष लाभते; भांडी आवरलेली असतात आणि पाण्यावरचा मावळता प्रकाश पाहण्यास सवड असते. पहाटेची थंडी मात्र बोचरी, जाड पांघरूण हवेच.

काश्यपीचे पाणी पुढे गंगापूर धरणात येते आणि नाशिकच्या नळांना मुख्यतः गंगापूरचेच पाणी मिळते. म्हणून काठावर साबणाने भांडी घासू नयेत. खरकटी भांडी घरीच न्यावीत. आम्ही सकाळी निघालो, तेव्हा गाडीच्या डिकीत आमच्या सामानापेक्षा इतरांनी टाकलेल्या बाटल्याच अधिक होत्या.