मीटर बाहेर गेला

आमच्या घराला दोन मीटर. विजेचा मीटर इमारतीच्या जिन्याखाली, इतर पंधरा भावंडांच्या ओळीत, जाळीच्या दारामागे असतो. त्याच्याशी आमचे कधी बोलणे-चालणे झाले नाही. बिल आले की त्याची आठवण व्हायची आणि बिल भरले की तो विसरला जायचा. गॅसच्या मीटरचे तसे नव्हते. तो स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, देवांच्या फळीपासून दोन हातांवर राहत असे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला २००४ साली आणि त्याच्याबरोबर हा आला. माझा जन्म २००५ चा. म्हणजे घरात तो माझ्यापेक्षा एका वर्षाने वडील, आणि खरे सांगायचे तर आजीच्या लेखी त्याचा शब्द माझ्यापेक्षा अधिक विश्वासाचा होता.

दिसायला अगदीच सामान्य. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, वर दोन नळ्या : एकीतून गॅस आत येणार, दुसरीतून शेगडीकडे जाणार. मधोमध काचेच्या पट्टीमागे आठ आकडे, पाच काळे आणि तीन लाल. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल त्याखालच्या अंशांचे. अगदी उजवीकडचा लाल आकडा एका घराने सरकला की एक लिटर गॅस जळाला असे समजायचे. बिलासाठी फक्त काळे आकडे टिपून घेतात. आजी मात्र लालही टिपून घेई. तिचे म्हणणे असे की, हिशेब ठेवायचा तर पैशाचाही ठेवावा, नुसता रुपयांचा ठेवणे हा श्रीमंतांचा आळस.

दुपारी घर शांत असले आणि मंद आचेवर काही शिजत असले की मीटरमधून बारीक आवाज येई. कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा. "श्वास घेतोय," असे आजी म्हणायची. मी शाळेत असताना हे तिचे काव्य आहे असे समजत होते. पुढे वाचनात आले की मीटरच्या पोटात खरोखरच भात्यासारख्या पिशव्या असतात. पूर्वी त्या कातड्याच्या करीत, आता कृत्रिम कापडाच्या असतात. एक भरते तेव्हा दुसरी रिकामी होते, आणि किती वेळा भरल्या व किती वेळा रिकाम्या झाल्या हे दात्यांची चाके मोजत बसतात. ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात निघाली आणि अजून तीच चालू आहे. आजीने हे काहीच वाचले नव्हते. तिने फक्त कान दिला होता.

आजी लग्न होऊन मुंबईत आली ती १९६८ साली, परळच्या चाळीत. जवळच लालबागला गॅस कंपनी. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ साली, ते दगडी कोळसा भट्टीत तापवून काढलेल्या वायूवर. आजीच्या काळापर्यंत रस्त्यांवर विजेचे दिवे आले होते, पण कंपनीचे नाव पत्ता सांगायला उपयोगी पडत होते. "कंपनी उशाशी," आजी सांगते, "आणि आमच्या हातात रॉकेलचा डबा." वातीचा स्टो, मग पंपाचा स्टो आणि त्याची ती पिन, मग नंबर लावून बरीच वर्षे वाट पाहिल्यावर सिलिंडर. सिलिंडर कधी संपेल ते कळायचे नाही. तो पुरणपोळीच्या दिवशी संपायचा हे मात्र ठरलेले. त्यामुळे पाइपमधून गॅस येणार, तो संपणार नाही आणि वर किती जळाला हे डोळ्यांसमोर दिसणार, याचे आजीला जे अप्रूप वाटले ते आम्हां मुलांना कळणे कठीण आहे. शेगडीवरच्या ज्योतीपेक्षा तिला त्या आकड्यांचे कौतुक अधिक होते.

तिने पहिल्या महिन्यापासून वही घातली. दर एक तारखेला सकाळी, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, आकडा टिपायचा आणि पुढे चार शब्द लिहायचे. ही वही मी चोरून नव्हे, तिच्या देखत वाचलेली आहे. अर्थशास्त्राच्या तासाला आमचे सर फळ्यावर उपभोग फलन काढत होते तेव्हा मला ती वहीच दिसत होती. दिवाळीच्या महिन्यात आकडा फुगलेला आणि पुढे "चकल्या दोनदा." मे महिन्यात कमी, "सगळी गावी." २०२० च्या एप्रिलचा आकडा दिवाळीलाही मागे टाकणारा. सगळे घरात, चारदा चहा, आणि आईने यूट्यूबवर बघून केलेले पाव. तेव्हा मीटर बघायला कोणी येऊ शकत नव्हते. आजीने आकडा सांगितला आणि बाबांनी तो कळवला. २०१६ च्या पानावर मात्र एकदम उतार आहे. तिथे शेरा इतकाच : "ह्यांचे आंघोळीचे पाणी बंद." आजोबांना बारा महिने कढत पाणी लागे आणि ते गॅसवर तापे. त्या वर्षी ते गेले. आमच्या घरात आजोबांच्या जाण्याबद्दल लिहिलेले तेवढे एकच वाक्य आहे.

आणि दर दोन महिन्यांनी मीटरवाला यायचा. माणूस बदले, पण आजी सगळ्यांना "बाळा" म्हणे. आधी सुरक्षा दाराच्या जाळीतून ओळखपत्र बघायचे, मग दार उघडायचे. तो आकडा बघायच्या आत आजी तो म्हणून दाखवी. "मग मी कशाला आलो, आजी?" असे एकाने विचारले होते. "पाणी प्यायला," ती म्हणाली. पाण्याबरोबर गुळाचा खडा, असला तर लाडू. कुणाची बहीण नाशिकला दिली, कुणाचा मुलगा दहावीला आहे, कुणाच्या गुडघ्यांनी जिने चढून संप पुकारला, हे सगळे आजीला ठाऊक असे आणि संध्याकाळी ती आम्हांला सांगे. आम्ही ऐकले न ऐकले करायचो. आई साडेआठला घर सोडते, बाबा त्याच्याही आधी, मी कॉलेजला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत आमच्या घराची बेल वाजवायला ज्याला हक्काचे कारण होते असा तो एकटाच माणूस होता. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण तशी गरजच पडली नव्हती.

२०२४ च्या उन्हाळ्यात ओटा नवा करायचे ठरले. इथे आईची बाजू सांगितली पाहिजे. आमची दोन खोल्यांची जागा, चार माणसे, आणि स्वयंपाकघरात डबे ठेवायला दोन फळ्या. ओट्याच्या वर भिंतभर कपाटे असावीत ही तिची इच्छा माझ्या वयाइतकी जुनी होती. सुताराने माप घेतले आणि सांगितले, मीटर कपाटाच्या आत घेऊ, दार लावले की दिसणारसुद्धा नाही. आईचा चेहरा उजळला. पण पाइप हलवायचा तर गॅस कंपनीला विचारावे लागते. स्वतःच्या हाताने किंवा नळवाल्याकडून तो हलवायचा नसतो. कंपनीचा माणूस आला, त्याने सुताराचे चित्र पाहिले आणि मान हलवली.

त्याने समजावून सांगितले ते असे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. मोकळ्या खोलीत, उघड्या खिडकीशी तो निघून जातो. बंद कपाटात मात्र तो वरच्या कप्प्यात साचून राहतो, आणि मग एक ठिणगी पुरते. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. पण कपाटाचे दार घट्ट असेल तर तो वासही उशिरा बाहेर येणार. तेव्हा एक तर कपाट नको, नाही तर मीटर बाहेर. तुमचे घर तळमजल्याचे आहे, मागच्या भिंतीला सहज बसेल. शिवाय कधी काही झालेच तर बाहेरूनच बंद करता येईल, आणि आकडा बघायला घरात यायला नको.

बाबा म्हणाले, "हे तर फारच उत्तम."

आजी म्हणाली, "मग तो येणार कशाला?"

हा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही. कंपनीचा माणूस अर्जाच्या कागदात होता, आई कपाटांच्या रंगात. मी तिथेच उभी होते आणि मलाही आजी काय विचारते आहे ते तेव्हा नीट उमगले नव्हते.

काम अर्ध्या दिवसाचे निघाले. दोघे आले. आधी बाहेरच्या पिवळ्या उभ्या पाइपवरची चावी बंद केली. मीटर उतरवला, तेव्हा भिंतीवर मूळ रंगाचा एक चौकोन उघडा पडला. फिकट हिरवा, जो रंग आम्ही साफ विसरून गेलो होतो. भिंतीला आरपार भोक पाडले, त्यात आधी एक मोठी नळी बसवली आणि तिच्या पोटातून गॅसची नळी नेली, म्हणजे ती सिमेंटला घासणार नाही. बाहेर खिडकीच्या छज्जाखाली लोखंडी जाळीची पेटी ठोकली आणि मीटर तिच्यात बसवला. मग सांध्यांना ब्रशने साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत दोघे उकिडवे बसले. घरात येणाऱ्या गॅसला जोर किती असतो असे मी विचारले. थोरला म्हणाला, पाण्याच्या नळीत बघितले तर पाणी एकवीस सेंटिमीटर वर चढेल, एवढाच. जेमतेम वीतभर. एवढ्याशा जोरावर आमचे सगळे जेवण आजवर शिजत आले याची मला गंमत वाटली.

आजीने त्यांना चहा दिला. तो शेजारच्या काकूंकडून करून आणलेला होता, कारण आमच्याकडे ज्योत नव्हती. जाताना तिने थोरल्याकडून आकडा वाचून घेतला, लाल आकड्यांसह, आणि वहीत लिहिले : "मीटर बाहेर."

कंपनीच्या म्हणण्यात मला आजही खोट काढता येत नाही. आईची कपाटे सुरेख झाली आहेत. फिकट हिरवा चौकोन आता डाळींच्या डब्यांमागे आहे. गॅसचे बिल बाबांच्या मोबाइलवर येते आणि तिथेच भरले जाते. कुणाचेच काही अडले नाही. एवढेच की, पहिले दोन महिने गेले, मग चार गेले, आणि आजीच्या संध्याकाळच्या गप्पांतून नाशिकची बहीण आणि दहावीचा मुलगा नाहीसे झाले. आई एकदा म्हणाली, "हल्ली सासूबाई गप्प असतात." डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. ते चांगले निघाले.

मागच्या मार्चमध्ये परीक्षेच्या सुट्टीमुळे मी दुपारची घरी होते. मागच्या बोळात पावले वाजली. एक तरुण मुलगा जाळीच्या पेटीपुढे वाकला, मोबाइलने मीटरचा फोटो काढला आणि वळला. आजी तोवर ओट्यापाशी पोचली होती. खिडकीचे गज धरून तिने हाक मारली, "बाळा, पाणी घेतोस का?"

तो दचकला. मग हसला. "नको आजी. तुमचं एक बरं, बाहेरच्या बाहेर होतं. अजून वरचे चार मजले चढायचेत."

"गूळ तरी घे."

"पुढच्या वेळी," म्हणून तो जिन्याकडे गेला. त्याच्या बोलण्यात रुक्षपणा मुळीच नव्हता. त्याचे एक दार वाचले होते, आणि उन्हातान्हात हिंडणाऱ्या माणसाला त्याचे बरे वाटणारच. आजीही तेच म्हणाली. गुळाचा खडा तिने डब्यात परत टाकला आणि डबा नव्या कपाटात नेमका कुठला होता ते तिला पटकन आठवेना.

बोळातली फरशी निसरडी असते, म्हणून आजीला मागे जायची मनाई आहे. पण वही चालू आहे. दर एक तारखेला मी वळसा घालून मागे जाते. पेटीच्या जाळीत धूळ साचते, एकदा तर मांजरीने तिच्यावर बैठक मारली होती. मी आकडे मोठ्याने वाचते, आतून आजी ते लिहून घेते. काळे आकडे सांगून मी निघू लागले की खिडकीतून आवाज येतो :

"आणि लाल गं?"

मी परत वाकते. ऊन काचेवर असते, त्यामुळे हाताची सावली धरावी लागते. आधण ठेवलेले नसेल तर शेवटचा आकडा स्थिर असतो. असेल तर तो माझ्या डोळ्यांदेखत सरकतो, आणि मग आम्हां दोघींचे थोडे भांडण होते.