आणि तसे झाले तर?

माझ्या आजीला एक प्रश्न विचारण्याची सवय होती : ‘आणि तसे झाले तर?’ आम्ही बाहेर निघताना आकाश निरभ्र असल्याची ग्वाही द्यावी, आणि तिने छत्री पुढे करून हाच प्रश्न विचारावा! घरातले सारे हसत. असे विचारणाऱ्या माणसांना भित्री म्हणण्याची रीतच जगात पडून गेली आहे. मला मात्र हा प्रश्न मोठा धीराचा वाटतो. मार्गारेट हॅमिल्टन या अमेरिकन विदुषीची हकीकत वाचल्यापासून तर अधिकच.

हॅमिल्टनबाईंचा जन्म 1936 साली इंडियाना राज्यात झाला. गणित शिकून त्या संगणकाकडे वळल्या. प्रथम हवामानाचा अंदाज, मग शत्रूची विमाने हुडकणारी संरक्षण-यंत्रणा, अशी कामे करीत त्या मॅसॅच्युसेट्समधील एका प्रयोगशाळेत आल्या. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकासाठी तेथे आज्ञावली तयार होत होत्या. पुढे हे काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचे नेतृत्व बाईंकडेच आले.

पहारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भाला किंवा बंदूक येते. बाईंचा पहारा निराळा होता. त्यांना राखण करायची होती ती माणसाच्या हातून सहज घडणाऱ्या चुकीपासून.

रात्री आणि सुट्टीच्या दिवशी त्या आपल्या चिमुकल्या लेकीला प्रयोगशाळेत घेऊन येत. एके दिवशी ती अंतराळवीराचा खेळ खेळू लागली. उड्डाणाचा सराव चालू असताना तिने कळा दाबल्या आणि सारे यंत्र कोलमडले! बाईंनी पाहिले, तर यान ‘आकाशात’ असताना पोरीने उड्डाणापूर्वीच्या तयारीची आज्ञा दिली होती. दुसरी एखादी आई रागावली असती. बाई विचारात पडल्या. हेच एखाद्या अंतराळवीराने केले तर?

त्यांनी वरिष्ठांकडे एका रखवालदार आज्ञेची परवानगी मागितली. उत्तर मिळाले, की अंतराळवीर इतके तरबेज असतात, की त्यांच्याकडून अशी चूक होणारच नाही. अखेर सूचनापत्रात एक इशारा लिहिण्यावर त्यांना समाधान मानावे लागले.

त्या काळी आज्ञावलीत फेरफार करणे सोपे नव्हते, हेही खरे. यानाच्या संगणकाची स्मृती चक्क विणलेली असे! कारखान्यातील स्त्रिया बारीक चुंबकीय कड्यांतून तारा ओवीत. तार कड्यातून गेली तर 1, बाहेरून गेली तर 0. एकदा वीण पुरी झाली, की बदल करायचा म्हणजे उसवणे आले. मला वाटते, बाईंनी प्रत्येक आज्ञा पुन्हा पुन्हा पारखून घेण्याचा हट्ट धरला, त्यामागे ही वीणही असावी.

डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राला प्रदक्षिणा घालून परतत होते. जिम लव्हेल हे कसलेले अंतराळवीर ताऱ्यांचे वेध घेत होते. त्यांना 01 क्रमांकाचा तारा निवडायचा होता. त्यांच्या हातून निवडली गेली 01 क्रमांकाची आज्ञा. तीच, उड्डाणापूर्वीची! संगणकाला वाटले, आपण अजून पृथ्वीवरच उभे आहोत. अखेर व्याध आणि राजन्य या ताऱ्यांच्या साहाय्याने लव्हेल यांना यानाची दिशा पुन्हा ठरवावी लागली. या प्रसंगानंतर बाईंना तो पहारा बसविण्याची परवानगी मिळाली.

20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 चे ‘ईगल’ चंद्रावर उतरू लागले, तेव्हा पडद्यावर एक आकडा झळकला : 1202. संगणकावर कामाचा भार फार झाल्याची ती सूचना होती. पण ‘भार फार झाला तर?’ हा प्रश्न आधीच विचारला गेला होता. हॅल लेनिंग यांनी कामांचा अग्रक्रम ठरविणारी पद्धत रचली होती, आणि बाईंच्या सहकाऱ्यांनी त्यावर पुढचे बांधकाम केले होते. (श्रेय एकट्या बाईंना देणे योग्य होणार नाही.) संगणकाने कमी महत्त्वाची कामे बाजूला सारली आणि यान उतरविण्याचे काम तेवढे हाती धरून ठेवले. ह्यूस्टनहून निरोप आला : पुढे चला. सूचना आणखी काही वेळा झळकली. आर्मस्ट्राँग यांनी दगडधोंड्यांचा प्रदेश टाळून यान पुढे नेले, आणि थोड्याच वेळात ‘ईगल’चे पाय चंद्राच्या धुळीत टेकले.