बोअरचं पाणी आणि पावडरचा चमचा

कपडे धुण्याची पावडर किती घ्यायची, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "घरी पाणी कोणतं? नळाचं की बोअरचं?" अमरावती रोडवरच्या एलआयटीत, म्हणजे १९४२ साली सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, मी तेल तंत्रज्ञान शिकले आणि पुढे डिटर्जंट तयार करण्यातच रमले. नागपूरकरांच्या धुण्यातली निम्मी अडचण पाण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

पेंचहून येणारं नळाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ असतं. बोअरचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. हे क्षार साबणाचा चिकट पांढरा साका करतात. डिटर्जंटचा तसा साका होत नाही. १९५९ मध्ये आलेलं सर्फ आणि १९६९ पासूनचं निरमा घरोघरी रुजायला हेही एक कारण होतं. पण क्षार डिटर्जंटचंही बळ खातात. पावडरमधला धुण्याचा सोडा आधी या क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडतो, मळाच्या वाट्याला उरलेलाच येतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा योग्य धरतं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. इतक्या फरकाला एकच चमचा कसा पुरेल?

पाणी घरीच तपासता येतं. बाटली अर्धी भरा, आंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी मऊ. फेस लगेच बसला, पाणी दुधाळ झालं तर जड. मऊ पाण्याला पाकिटावरच्या मापापेक्षा थोडी कमी पावडर घेऊन बघा, जड पाण्याला थोडी जास्त. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर चमचाभर पावडर तोलूनही पाहा. एक पावडर फुसफुशीत असते, दुसरी दाट. चमचा तोच, वजन वेगळं.

फेसावर मात्र माझा मुळीच विश्वास नाही. डिटर्जंटचे रेणू पाण्यात एका मर्यादेपलीकडे गेले की गोळा होऊन मायसेल बनतात आणि तेलाचे कण पोटात घेतात. मळाला पुरतील इतके मायसेल झाले की वर ओतलेली पावडर फक्त खळबळून काढण्याचं काम वाढवते. फ्रंट लोड मशीनमध्ये कपडे वरून आपटूनच स्वच्छ होतात. जास्त फेस त्यांच्याखाली उशीसारखा बसतो आणि मार हलका करतो. म्हणून त्यासाठी कमी फेसाची वेगळी पावडर असते. जास्त पावडर पडते का हे पाहायचं तर धुतलेला, वाळलेला टॉवेल नुसत्या पाण्यात फिरवा. फेस आला तर उत्तर मिळालं.

ऋतूही ध्यानात घ्या. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आयतंच गरम असतं, त्यात एन्झाइमची पावडर छान काम करते. अर्धा तास भिजवणं पुरे. डिसेंबरच्या गार पाण्यात पावडर आधी कोमट पाण्यात विरघळवून घ्या. भंडाऱ्याच्या कोशाच्या साडीला मात्र एन्झाइमची पावडर कधीच नको. रेशीम प्रथिनाचं असतं आणि प्रथिनं तोडणं हेच त्या एन्झाइमचं काम. तिला रिठा बरा.

वाया गेलेली पावडर मोरीतून पुढे जाते. शहराचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि खाली गोसीखुर्दचा जलाशय आहे. आजच्या डिटर्जंटचे रेणू जिवाणू पचवतात, पण त्यांना प्राणवायू लागतो. काळ्या, कुजलेल्या पाण्यात तो नसतो. एकेक चमचा वाचवण्याचा माझा आग्रह त्यासाठीही आहे.

दिवाळीत सावजीचा रस्सा पांढऱ्या कुर्त्यावर सांडलाच, तर आधी तेल काढा: लिक्विड डिटर्जंट थेट डागावर चोळून थोडा वेळ ठेवा. हळद लाल झाली तरी घाबरू नका, सोड्याने ती तशीच होते. धुऊन ओलाच कपडा उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, उरलेलं तेल उष्णतेने धाग्यात पक्कं बसतं.