चार गुण

"गुरुजी, ओळखलंत? २००४ सालचा, सातवी नापास!" दारातल्या माणसाने हसत विचारले. चार गुणांसाठी त्याला नापास करणारा मीच!

पोर ट्रकवर क्लीनरच राहिले. ट्रकच्या परवान्याला आठवी पास लागे. ती अट २०१९ साली गेली. आता आधी मोटारीचा परवाना, वर्षभराने ट्रकचा. आठ दिवस गॅलरीत बसून आम्ही खुणा घोकल्या : लाल वर्तुळ म्हणजे मनाई, लाल त्रिकोण म्हणजे सावधान. ब्रेकच्या हवेचा काटा चढल्याशिवाय ट्रक हलवायचा नाही, हे मात्र त्याने मला शिकवले.

पुढे एके दिवशी तो पेढे घेऊन आला. "गुरुजी, ट्रकचीही परीक्षा पास!"

पेढा खाल्ला; पण ते चार गुण काही घशाखाली उतरेनात.